तेरसेला पाठ नसतो

प्रिय सई आणि अनय,

मागे फोनवर बोलताना अनयनं विचारलं होतं, "आजी, तू नक्की कशाची टीचर होतीस?" तुमचे बाबा मागून ओरडले, "इंग्लिशची!" आणि विषय तिथेच संपला. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. आर्णीच्या कॉलेजात मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. पगार त्याचा मिळायचा. पण पहाटे उठून, डोक्यावरून पदर घेऊन, थंडीत कुडकुडत मी ज्या कामाला जायची ते वेगळंच होतं. ते काम म्हणजे संस्कृत व्याकरणाचा वर्ग.

इथल्या एका दिवाळी अंकानं माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या आहेत. गेल्या वर्षीही मागितल्या होत्या, तेव्हा मी नाही म्हटलं. वर्ग बंद पडण्याच्या बेतात होता आणि मृत्युलेख लिहायची माझी इच्छा नव्हती. आता मात्र लिहायला हरकत नाही. का, ते पुढे येईलच. अंक गावातले लोक वाचतील, पण लिहिताना डोळ्यांसमोर तुम्ही दोघं आहात. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारू नका, त्यालाही येणार नाही. मला फोन करा.

आधी हे काम काय आहे ते सांगते. अडीचेक हजार वर्षांपूर्वी एका ऋषींनी आपल्या भोवतीचे लोक कसे बोलतात ते कान देऊन ऐकलं आणि त्या सगळ्या बोलण्याचे नियम आठ अध्यायांत बसवले. चार हजारांच्या आसपास नियम, एकेक नियम दोन-चार शब्दांचा. त्यांना सूत्रं म्हणतात. त्या ऋषींचं नाव तुम्हाला पुस्तकात सापडेल. आमच्या वर्गात ते उच्चारायची पद्धत नाही, आम्ही नुसतं 'आचार्य' म्हणतो.

सूत्रं इतकी आखूड कशी, याची एक युक्ती आहे. तुमची आई स्वयंपाकघरातून हाक मारते, "सई, दप्तर उचल. हात धू. जेवायला बस." प्रत्येक वेळी ती 'सई' म्हणत नाही. एकदा घेतलेलं नाव पुढच्या वाक्यांमधून आपोआप वाहत राहतं, ती "अनय!" म्हणेपर्यंत. सूत्रांचंही तसंच. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न बोलता चालत येतो, याला अनुवृत्ती म्हणतात. म्हणून मधलंच एखादं सूत्र उचलून वाचलं तर काही कळत नाही. 'हात धू' एवढंच ऐकलं तर कोणी धुवायचे? त्यामुळे ही सूत्रं ओळीनं पाठ असावी लागतात, आणि ती पाठ होतात कोणाच्या तरी मागून म्हणूनच.

मला यातलं काही माहीत नव्हतं. एम.ए. करताना भाषाशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकात वाचलं की जगातलं सर्वांत काटेकोर व्याकरण भारतात झालं. वाचून मला आनंद व्हायच्या ऐवजी थोडा रागच आला. माझ्याच घरचा पत्ता मला लंडनहून कळत होता! चौकशी केली तेव्हा समजलं की हे सगळं तोंडपाठ असलेले एक वृद्ध गुरुजी कळंबला राहतात. आर्णीहून कळंब म्हणजे एसटीचा प्रवास. एका रविवारी गेले. गुरुजींनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "आज प्रतिपदा. उद्या या."

उद्या म्हणजे सोमवार, माझं कॉलेज. रजा टाकून गेले. दारात पोचताच ते म्हणाले, "तुमची इंग्रजी बाहेर चपलांजवळ ठेवा. जाताना घेऊन जा. इथं कोणी नेत नाही."

पहिला अध्याय पूर्ण पाठ होईपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारू दिला नाही. मी वही काढली की ती मिटून बाजूला ठेवायचे. "आधी तोंडात, मग डोक्यात," एवढंच म्हणायचे. मी कॉलेजात मुलांना सांगायची की घोकंपट्टी वाईट, समजून घ्या. आणि सुट्टीच्या दिवशी कळंबला जाऊन घोकंपट्टी करायची. दोन्ही खरं आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

गुरुजींच्या शिकवण्यात सुट्ट्यांना फार मान होता. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना पाठ नसतो. हे जुन्या सगळ्याच पाठशाळांत होतं. पण व्याकरणवाल्यांची एक सुट्टी जास्तीची, त्रयोदशीची. आमच्याकडे तिला तेरस म्हणतात. का, म्हणून मी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "आचार्यांना त्या तिथीला सिंहानं मारलं."

"शुक्ल पक्षातल्या की कृष्ण पक्षातल्या?"

"ते कोणालाच ठाऊक नाही."

"मग?"

"मग काय, दोन्ही पाळायच्या. माणूस आपला आहे ना?"

त्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक उघडायचं नाही, सूत्र म्हणायचं नाही, विचारायचंही नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं सुतक महिन्यातून दोनदा पाळणारे लोक आम्ही. पुढे आर्णीत एका शिक्षणसंस्थेनं जुन्या शाळेतली एक खोली दिली आणि मी सकाळचा वर्ग सुरू केला, तेव्हा हा नियम तिथेही आणला.

वर्गात कोण कोण यायचं! एक गृहस्थ कृषी केंद्राला 'शुद्ध संस्कृत' नाव हवं म्हणून आले, नाव मिळाल्यावर दिसले नाहीत. एक बाई मुलीला घेऊन आल्या आणि दारातच विचारलं, "मॅडम, याले स्कोप काय हाय?" मी म्हटलं, "काहीच नाही." त्या इतक्या चकित झाल्या की मुलीला ठेवून गेल्या. सगळ्यांत भराभर पाठ करणारे होते एक निवृत्त एसटी कंडक्टर. ते म्हणायचे, "हे तं स्टॉपसारखं हाय मॅडम. मधला एक सुटला की पुढचे समदे चुकतेत." अनुवृत्ती नावाची गोष्ट याहून चांगली मी कधी समजावू शकले नाही.

आणि सुनीता. सुनीता राठोड माझ्या इंग्रजीच्या वर्गात होती, महागाव रस्त्यावरच्या एका तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, रस्त्यावर वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, कॉलेजात इंग्रजी. ती पहिल्या बाकावर बसून सारखी 'काहून' विचारायची. हे असं काहून, ते तसं काहून. एकदा वैतागून म्हटलं, "सकाळी सहाला ये, तिथं तुझ्या सगळ्या काहूनांची सोय आहे." ती आली आणि राहिली. शिक्षिका झाली, लग्न झालं, मुलं झाली; वर्ग सुटला नाही. माझे गुडघे गेले तेव्हा वर्ग मी तिच्या हाती दिला.

तेव्हा गावातल्या एका शहाण्या माणसानं तिला बाजारात गाठून विचारलं होतं, "तांड्यावरची बाई आता सूत्रं शिकवनार काय?"

ती म्हणाली, "आमच्या आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ घालून कुठून कुठं नेलं, भाऊ. हे वझं तं तोंडात मावते."

गेल्या वर्षीच मुलं रोडावून वर्ग बंद पडायला आला होता. आता या वर्षीची गोष्ट. संस्थेचे नवे सचिव गावंडे. माणूस वाईट नाही, उत्साही आहे. गावातल्या मुलांसाठी स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका काढायची, हे त्यांच्या मनात. त्याला खोली हवी. त्यांच्या डोळ्यांसमोर आमची खोली आली. "मॅडम, वर्ग कागदावरच हाय, असं लोकं म्हनतात," ते मला फोनवर म्हणाले. "आमी दोघं येऊन पाहून जातो. चालू असला तं ठीक. नसला तं रविवारच्या सभेत ठराव घेतो. कोणता दिवस जमन?"

मी समोरच्या डायरीत पाहिलं. माझी डायरी तुम्हाला माहीत आहे, दवाखाना, गॅस, विजेचं बिल, सगळं तारखेवार. गुरुवार मोकळा होता. मी म्हटलं, "गुरुवार."

बुधवारी दिवेलागणीला सुनीताचा फोन. "मॅडम, तुमी गुरुवार सांगतला काय त्याईले?"

"हो. का?"

"उद्या तेरस हाय."

माझ्या डायरीत तिथ्या नसतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून, चष्मा लावून पाहिलं. तेरसच होती. इतकी वर्षं इतरांना तिथी पाळायला लावणाऱ्या बाईनं तारीख पाहून दिवस दिला होता. लगेच गावंडेंना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आता दिवस बदलला तं लोकं म्हनतीन टाळून राह्यले. उद्याच येतो."

मी पुन्हा सुनीताला लावला. म्हटलं, "एक तास घे. त्यांच्या समोरच फक्त. कोणाला कळणार आहे?"

"पोरायले कळन."

"अगं, वर्गच राहिला नाही तर तेरस पाळणार कोण?"

 ती म्हणाली, "मॅडम, आज सकायीच मी त्याईले सांगतलं, उद्या पुस्तकाले हात लावाचा नाही, आचार्याची तिथी हाय. आता साहेब येऊन राह्यले म्हून लावा म्हनू? मंग साहेब मोठे का आचार्य?"

"गुरुजी असते तर त्यांनी काहीतरी वाट काढली असती."

"गुरुजी असते तं तुमी त्याईले हे इचारलं असतं?"

मी फोन ठेवला. तिचा राग येईना. माझ्याच तोंडची वाक्यं ती मला परत देत होती.

गुरुवारी सकाळी मी रिक्षा करून शाळेत गेले. तेरसेला आमच्या वर्गात झाडलोट असते. मुलं खोली झाडत होती, दोघी फळा धूत होत्या, कंडक्टरसाहेब स्टुलावर चढून जाळी काढत होते. सुनीता पदर खोचून बादली धरून उभी. तेवढ्यात गावंडे आले आणि त्यांच्याबरोबर संस्थेचे जुने सभासद ढोलेकाका. ढोलेकाका शेतकरी, थोडं बोलणारे. सभेत ते हात वर करतात तेव्हा बाकीचेही करतात.

गावंडेंनी दारातून पाहिलं. "हे काय? साफसफाई?"

सुनीतानं बादली खाली ठेवली. "आज तेरस हाय, साहेब. आज पाठ नसते."

"बरं, मंग उद्या येतो."

"उद्या चतुर्दशी. नसते."

"परवा?"

"परवा अमावस्या. पोया हाय."

"रविवारी?"

"प्रतिपदा."

गावंडेंनी कपाळाला हात लावला. "मंग शिकता कवा तुमी?"

"सोमवारी, साहेब. द्वितीयेले."

कंडक्टरसाहेब स्टुलावरून हसले. बाकी कोणी हसलं नाही. सभा रविवारी होती. गावंडे म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा, मी काय लिहू? अन् हे समदं मोबाईलवर हाय ना आता? खोली कायले पायजे?"

मी खुर्चीतून उठले. खरं सांगते, फळ्याकडे दोन पावलं टाकली. एक सूत्र म्हणायचं, मुलं मागून म्हणतील, पाच मिनिटांत प्रश्न मिटेल. फळा अजून ओला होता.

सुनीता म्हणाली, "मॅडम, तुमी बसा."

आवाज चढवला नव्हता तिनं. वर्गात मी असंच म्हणायची. मी बसले.

मग ती गावंडेंकडे वळली. "मोबाईलवर हाय, साहेब. पण मोबाईलनं उद्या मधलं एक सूत्र दाखवलं तं त्याच्या मांगचे धा कोणते, ते ध्यानात कोण ठेवन? हे ओळीनं तोंडात असलं तवाच कामाचं. अन् आज मी तुमाले ते म्हनून नाही दाखवू शकत. खोली गेली तं गेली. झाडाखाली बसू."

गावंडेंनी खिशातून पेन काढलं. "मी जे पायलं ते लिहितो. वर्ग बंद आढळला."

तेव्हा ढोलेकाका पहिल्यांदा बोलले. "गावंडे, परवा माह्या वावरात येजा."

"परवा? परवा तं पोया, काका."

"हो. बैल खुट्यावर दिसतीन. झूल घातलेले, शिंगं रंगवलेले. औत कुठंच नाही. मंग लिहिजा, ढोल्याचं वावर पडीत आढळलं."

"काका, पोया वर्षातून एकदा येते. याईची सुट्टी तं सरतच नाही."

"ते खरं हाय," ढोलेकाका म्हणाले. मी गावंडेंच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "म्हून म्हनतो, आज काही लिहू नको. बंद हाय असंही नको, चालू हाय असंही नको. सभेत मी बोलतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला, सभा ठेवणारे आमचे सचिव. संध्याकाळी रस्त्यात लहान मुलं लाकडी बैल ओढत होती आणि मी खिडकीत बसून कोणी सभेहून परत येताना दिसतं का ते पाहत होते. सुनीताचा फोन आला. ढोलेकाकांनी एवढंच मांडलं होतं की सोमवारी सकाळी ते एकटे जाऊन पाहतील, मग ठराव लिहा. सभेनं मान्य केलं. "तुमी येऊ नका मॅडम उद्या," ती म्हणाली. "तुमी आल्या की मले भेव वाटते."

मी गेले नाही. सकाळी उठून पोहे भिजवले आणि ते तसेच राहिले. मुलांपैकी कोणी उशिरा आलं तर? सणाच्या पाठी कोणी आलंच नाही तर? पोळ्याला पाहुणे येतात, मुलं मामाच्या गावी जातात. चार दिवस वर्ग बंद. पाचव्या दिवशी खोली रिकामी दिसणं काही अवघड नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला फाटक वाजलं. ढोलेकाका. आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी चहा ठेवला.

"सोयाबीन कसं आहे?" मी विचारलं. दुसरं काही विचारायचं धाडस होईना.

"पिवयं पडून राह्यलं जराक. तूर बरी हाय." त्यांनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. अर्धी बशी प्यायले. "साखर कमी हाय."

मी साखर आणून दिली.

"पोट्टं पक्कं हाय तुमचं," ते म्हणाले.

"कोणतं?"

"थे मास्तरीन. मी जाऊन दाराशी उभा राह्यलो. मले वाटलं, पाहून परत यीन. थे म्हने, काका, इथं उभं राहाची सोय नाही. मांडी घाला अन् मांगून म्हना." ते स्वतःशीच हसले. "या वयात! समोर पोट्ट्या खिदयून राह्यल्या. म्या म्हनलं."

"आणि?"

"अन् काय. तासभर म्हनलं. सात-आठ डोके होते. एक सूत्र तं डोक्यातून निंघूनच नाही राह्यलं. फाटकापरेंत म्हनतच आलो." त्यांनी ते मला म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकलं होतं. दुरुस्त करायची इतकी सवय, पण त्या दिवशी मी गप्प बसले.

"मग ठराव?"

"सकायी खोली तुमची. धा वाजल्यापासून अभ्यासिकेची. गावंडेले रस्त्यातच सांगतलं. थो बी राजी हाय." टोपी घालून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "थे तेरस-बिरस मोडू नका मातर. मोडली असती गुरुवारी, तं म्या गावंडेच्या बाजूनं हात वर केला असता."

ते गेल्यावर मी खुर्चीत बसले. कितीतरी महिन्यांनी पाठ टेकून बसले. पोहे फार भिजले होते, त्यांचा पार लगदा झाला होता. तोच खाल्ला, आणि छान लागला.

मुलांनो, सगळंच वाचलं असं म्हणणार नाही. गुरुजींना सूत्रांवरचं मोठं विवेचनही तोंडपाठ होतं. कळंबच्या पडवीत डोळे मिटून ते तासन्‌तास म्हणायचे, आणि मी शेवटची एसटी गाठायची म्हणून मधूनच उठायची. ते त्यांच्याबरोबर गेलं. छापील पुस्तकं आहेत, पण गुरुजी कुठं थांबायचे आणि कुठं हसायचे ते पुस्तकात नाही. मला एके काळी आठही अध्याय येत. आता मधूनमधून जागा रिकाम्या होतात आणि मी सुनीताला फोन करते.

सध्या परिस्थिती अशी आहे. वर्ग रोज सकाळी सहाला भरतो, तिथी पाहून. दहाला तिथे अभ्यासिकेची मुलं येतात. त्यांतल्या दोघी आता सहालाच येऊन बसतात. वर्गात पहिला अध्याय जुन्या सगळ्यांना येतो, दुसरा कंडक्टरसाहेबांना येतो. सुनीताला सहा अध्याय तोंडपाठ आहेत. सातवा ती गेल्या आठवड्यापासून माझ्या मागून म्हणते आहे.

तुमची,
आजी